ब्रेकबाईचा उजवा गाल

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला तिनं शिकवलं, आणि त्या निम्म्यांतले निम्मे तिला अजून शिव्या घालतात. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि शेजारचा चुकला की तो दाबायचा, हे तिचं काम. म्हणून नाव पडलं ब्रेकबाई. खरं तर तिच्या जिभेला ब्रेक असा नव्हताच.

"आरशात स्वतःला काय बघतोयस? मागची गाडी बघ, मागची!"

"हॉर्न वाजवायला अक्कल लागत नाही. क्लचला लागते. म्हणून तुझा हॉर्न चांगला वाजतो."

एका शाळेच्या मुख्याध्यापकांना तिनं भर चौकात गाडीतून उतरवून घरी चालत पाठवलं होतं. ते पुन्हा आले, कारण तिच्या हाताखालून गेलेल्याला परवाना पहिल्या फटक्यात मिळायचा. माणसं दात-ओठ खात शिकायची आणि परवाना हातात पडला की रस्त्यात तिला ओळख दाखवायची नाहीत. तिलाही त्याचं सोयरसुतक नव्हतं.

गाडी शिकवण्याचा धंदा वडिलांचा. आधी त्यांनी थोरल्या मुलाला शेजारच्या सीटवर बसवलं. तो शिकणाऱ्यांना टपल्या मारायचा, आणि एकदा फोनवर बोलण्याच्या नादात ब्रेक दाबायचा राहिला नि गाडी दुधाच्या टेम्पोत घुसली. वडिलांनी त्याच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि धाकटीच्या हातात दिल्या. तेव्हापासून भावाबहिणीतून विस्तव जाईना. भावानं त्याच रस्त्यावर समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि फावल्या वेळात पुढारीपणा सुरू केला. नळाला पाणी आलं नाही, रस्त्यावरचा दिवा गेला, की हा फोन तोंडासमोर धरून तावातावानं बोलायला उभा. लोक त्याला 'पुढारी' म्हणायचे ते चेष्टेनं. त्याला तो मान वाटायचा. आई त्याच्याकडे राहायची आणि लेकीच्या घरी आली की त्याच्या वतीनं भांडून जायची.

गाठ आली ती उजव्या कानाच्या पुढे, शिकणाऱ्याला दिसणाऱ्या गालावर. पहिल्यांदा बोलली ती एक शिकणारी मुलगीच. "मॅडम, तुमचा गाल सुजलाय."

"तू रस्त्याकडे बघ. गाल माझा आहे."

नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. मीटर तपासणारा, अबोल माणूस. तो जेवताना म्हणाला, "एका बाजूनं मोठा दिसतोय."

"मग त्या बाजूनं बघू नका."

पण अबोल माणसाचा हट्ट वाईट. तो रोज जेवताना तेवढंच एक वाक्य बोलायचा. शेवटी त्या वाक्याला कंटाळून ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सुई घालून तपासलं. लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर निघाला.

"काढायचं म्हटलं तर चेहरा हलवणारी नस त्या गाठीतूनच जातेय," कानाचे डॉक्टर म्हणाले. "ती जाणार. ओठ एका बाजूला लोंबेल, डोळा नीट मिटणार नाही."

"म्हणजे मी अर्ध्या तोंडानं बोलायचं?"

"बाई, जीव मोठा की बोलणं?"

"मला ते दोन्ही एकच आहे."

डॉक्टर वैतागले. नवरा खाली मान घालून बसला. बऱ्याच वादावादीनंतर डॉक्टरांनी दुसऱ्या शहरातल्या एका केंद्राचं नाव सांगितलं. तिथं कार्बनच्या जड कणांचा झोत गाठीवर सोडतात म्हणे. नस कापावी लागत नाही. "पण तिथं जाऊन असंच भांडलात तर माझं नाव सांगू नका," असंही ते म्हणाले.

केंद्रातली डॉक्टरीण तिच्याच वयाची, काटकुळी, चष्मा कपाळावर चढवलेला. हसणं नाही, चौकशी नाही. खुर्ची दाखवली, गाल दाबून पाहिला, स्कॅनचे फोटो पाहिले.

"गाल भाजेल का?" ब्रेकबाईनं विचारलं.

"हो."

एवढ्या सरळ उत्तराची तिला सवय नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढं इमारतीएवढं यंत्र बांधलंत आणि वीतभर कातडी वाचवता येत नाही?"

डॉक्टरीण चिडली नाही, पण तिनं आवाजही मऊ केला नाही. "साधे किरण वाटेत सगळ्यांना मारत जातात आणि पलीकडून बाहेर पडतात. हे कण जड. वाटेत कमी सांडतात, ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतात आणि खरा जोर तिथं टाकतात. गाठ खोल असती तर कातडी बरीचशी सुटली असती. तुमची गाठ कातडीला पाठ लावून बसलीय. तिला मारायचं तर कातडीलाही मार बसणार."

"चोराबरोबर घरमालकालाही?"

"घरमालक बहुतेक उठून उभा राहतो. चोरानं उठू नये असा प्रयत्न आहे. खात्री मी देत नाही."

मग तिनं पुढचं सगळं सांगितलं, जसं कुणी रस्ता सांगावा तसं. आधी काहीच दिसणार नाही. मग गुलाबी, मग लाल, मग काळपट. खाज येईल. कोरडी सालं निघतील. काही ठिकाणी ओलं होईल, पाझरेल. त्या जागेवर ऊन नको, वासाचं मलम नको, चिकटपट्टी तर अजिबात नको. चिकटपट्टी काढताना कातडीच हातात येते. "आणि सगळ्यात वाईट दिवस उपचार संपल्यावर येतील. तुम्ही घरी असाल आणि मला शिव्या द्याल."

"मी एवढी थांबत नाही. आत्ताच देते."

"द्या. पण नीट ऐकून मग द्या," डॉक्टरीण म्हणाली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

उपचाराच्या आधी तिच्या चेहऱ्याचा साचा घेतला. कोमट पाण्यातून काढलेली जाळीची प्लास्टिकची चादर तोंडावर दाबली, ती थंड होऊन कडक झाली. रोज तोच मुखवटा चढवायचा, टेबलाला अडकवायचा, आणि जबडासुद्धा हलवायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं तोंड बंद केलं होतं, आणि तेही रोज, वेळ ठरवून. यंत्र चालवणारा तरुण भिंतीतल्या स्पीकरवरून म्हणायचा, "अगदी छान, बोलायचं नाही हं." मुखवट्याच्या आतून ती त्याला जे म्हणायची ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

झोत लागतोय हे कळायचंही नाही. ऊब नाही, टोचणं नाही. दुसरा आठवडा संपत आला तरी गाल जसाच्या तसा. केंद्राजवळ घेतलेल्या भाड्याच्या खोलीत तिनं नवऱ्याला आरशासमोर उभं केलं. "बघा. हो म्हणाली ना ती? उगीच माणसांना घाबरवून ठेवायचं."

नवरा म्हणाला, "थांब की जरा."

तिसऱ्या आठवड्यात गाल गुलाबी झाला, जणू फक्त तेवढ्याच तुकड्यावर ऊन पडलं होतं. कडा अशा सरळ की कुणी पट्टी धरून आखल्या असाव्यात. मग लाल, मग तांब्याच्या भांड्यासारखा काळसर. कानापुढची लव झडून गेली. खाज अशी सुटली की ती हाताच्या मुठी करून त्यावर बसायची.

"नॉर्मल आहे," डॉक्टरीण म्हणाली.

"नॉर्मल? घरातलं पातेलं एवढं काळं झालं तर लोक टाकून देतात!"

"नॉर्मल म्हणजे छान असं मी म्हटलं नाही. चांगल्या कातडीला एवढा मार दिल्यावर ती अशीच वागते. अशी नसती वागली तर मला काळजी वाटली असती."

"मग उपचार संपल्यावर आणखी का बिघडणार? मारणारा थांबला तर मार थांबायला नको?"

डॉक्टरणीनं पहिल्यांदाच चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कातडी वरून रोज झडतच असते. तुम्हाला कळत नाही, कारण खालून नवी येते. ती नवी तयार करणाऱ्या थरालाच मार बसलाय. वरची आहे तोवर निभेल. ती झडली की खालून भर यायला वेळ लागेल. त्या मधल्या काळात उघडं पडणार."

ब्रेकबाईला ते पटलं. पटलं म्हणून आणखीच राग आला.

उपचार संपवून घरी परतल्यावर डॉक्टरणीनं सांगितलेलं एकेक करून खरं होत गेलं. आधी कानाच्या पाळीखाली भेग पडली. मग गालाची कातडी ओल्या कागदासारखी सुटायला लागली आणि खालचा लालभडक, चकचकीत भाग उघडा पडला. त्यातून पिवळसर पाणी झिरपायचं. सकाळी उशी गालाला चिकटलेली असायची आणि ती सोडवताना तिच्या तोंडून निघणारे शब्द शेजारी दारं लावून ऐकायचे. आंबट, तिखट, गरम काही तोंडात घालवेना. दुधात भिजवलेला पाव, तोही एका बाजूनं.

ड्रेसिंग नवरा करायचा. कोमट पाण्यात कापड भिजवून आधीचं पॅड सैल करायचं, हलक्या हातानं टिपायचं, मलम लावलेलं न चिकटणारं पॅड ठेवायचं आणि वरून जाळीची टोपी चढवायची, म्हणजे पट्टी लागत नाही. मीटरचे बारीक स्क्रू फिरवणारी त्याची बोटं, ती चुकत नव्हती. ती मात्र प्रत्येक स्पर्शाला त्याचा उद्धार करायची. "पाण्याचा नळ उघडताय का? माणूस आहे मी!" एका सकाळी तो उठला, वाटी जमिनीवर ठेवली, इतकी जोरात की पाणी उडालं. "मग स्वतःचं स्वतः कर!" म्हणाला आणि बाहेर निघून गेला. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याचा हा आवाज तिनं ऐकला नव्हता. ती तशीच उघड्या गालानं बसून राहिली. तो परत आला तेव्हा पाणी गार झालं होतं. त्यानं ते बदलून आणलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी भाऊ आला. आईला घेऊन. इतक्या वर्षांत त्यानं या घराची पायरी चढली नव्हती. नवरा ऑफिसात गेला होता. गाल धुऊन झाल्यावर थोडा वेळ उघडा ठेवायचा, म्हणून ती खिडकीपाशी आरामखुर्चीत पडली होती आणि वेदनेच्या गोळीनं तिचा डोळा लागला होता. आई रडायला लागली, त्या आवाजानं ती जागी झाली. पाहते तर भाऊ फोन खिशात घालत होता.

"काय केलंस?"

"काही नाही. तू पड. मी आहे ना आता," भाऊ म्हणाला. तो असं गोड बोलला तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे शिकवायला असलेला माणूस, ज्याच्यावर तिनं आजारपणात धंदा सोपवला होता, दारात येऊन घुटमळत उभा राहिला. बोलायचं सोडून त्यानं फोनच पुढं केला. त्यात तिचा चेहरा होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटलेले, आणि तो गाल, जवळून, भर उजेडात. खाली लिहिलं होतं, 'माझ्या बहिणीला डॉक्टरांनी जिवंत जाळलं. आज ती, उद्या तुमची आई.' शेवटी कानाच्या डॉक्टरांचा पत्ता आणि 'संध्याकाळी जमा व्हा.'

तिनं भावाला फोन लावला. कित्येक वर्षांनी.

"दादा, तो फोटो काढून टाक."

"अगं, तुझ्यासाठीच तर करतोय. लोक पेटलेत नुसते."

"मला सांगितलं होतं असं होणार म्हणून. ठरल्याप्रमाणेच होतंय. कातडी परत येते."

"सांगितलं होतं? म्हणजे सांगून जाळलं? हे तर आणखी वाईट!"

"दादा, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. कानाच्या डॉक्टरांनी नुसतं तपासलं, उपचार केलेलाच नाही."

"पाठवलं कुणी? त्यानंच ना? तू आजारी आहेस, तुला काही कळत नाही. तू पड," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. नंतर तो उचललाच नाही.

संध्याकाळी नवऱ्याला ऑफिसातून यायला उशीर झाला. वाट बघणं तिच्या रक्तात नव्हतं. गडबडीत जाळीची टोपी कानात अडकली, तिनं ती ओरबाडून काढली, पॅडही गेलं. तशाच उघड्या गालानं तिनं शिकवणीची गाडी बाहेर काढली. वारा गालावर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. आरसा तिनं बाजूला वळवून ठेवला.

कानाच्या डॉक्टरांच्या दारात पन्नासेक माणसं होती. पुढारी पायरीवर उभा, एका हातात फोन, दुसरा हात हवेत. तिनं गाडी थेट दाराला आडवी लावली आणि हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. माणसं कान झाकत मागं सरली. मग ती खाली उतरली.

"ही मी," ती ओरडली. "जिवंत आहे. मला कुणी जाळलेलं नाही. कॅन्सर होता, त्याच्यावर औषध चाललंय. गाल असा होणार हे मला आधीच सांगितलं होतं. घरी जा सगळे!"

तिला वाटलं होतं आपण बोललो की संपलं. आयुष्यभर तसंच झालं होतं. पण गर्दीनं तिचं बोलणं ऐकलं नाही, तिचा गाल पाहिला. आतून पाझरणारा, संध्याकाळच्या उजेडात चमकणारा. फोटोत पाहिला त्याहून वाईट. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. एक बाई तोंड फिरवून रडायला लागली. मागून आवाज आला, "बघा, काय करून ठेवलंय! आणि वर तिच्याकडून असं बोलून घेतायत!"

"माझ्या तोंडून मीच बोलतेय, गाढवांनो!" ती किंचाळली. तेवढ्यात पहिला दगड सुटला. दवाखान्याची पुढची काच खळकन खाली आली आणि आत टेबलाशी बसलेल्या मुलीच्या कपाळातून रक्त आलं. ती मुलगी पेशंटची नावं नोंदवायची, बाकी तिचा कशाशी संबंध नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिनंही ब्रेकबाईकडेच गाडी शिकून घेतली होती.

पुढारी अजून फोन धरून बोलतच होता. "बघताय ना तुम्ही सगळे, लोकांचा संताप बघताय ना..."

ब्रेकबाईनं त्याच्या हातातून फोन हिसकावला. तो "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिनं तो गाडीच्या पुढच्या चाकाखाली सरकवला, आत बसली आणि गाडी हातभर पुढं घेतली. मग मागं घेतली. मग पुन्हा पुढं.

पोलीस आले तेव्हा गर्दी पांगली होती. दगड कुणी मारला ते कुणीच पाहिलं नव्हतं. माणसं कुणी बोलावली ते मात्र तिनं सांगितलं. नाव, नातं, दुकानाचा पत्ता, सगळं. पोलिसानं दोनदा विचारलं, "सख्खा भाऊ ना? नक्की लिहू?" ती म्हणाली, "तुमचं अक्षर वाचता येत नाही, नीट लिहा."

कानाचे डॉक्टर फुटलेल्या काचांत उभे होते. तिला वाटलं, निदान हा माणूस तरी आपल्याला दोन शब्द बोलेल. बोलले. "तुमच्या घरच्या भांडणात माझी काच फुटली आणि माझ्याकडच्या मुलीचं डोकं. पुढच्या तपासणीला दुसरा डॉक्टर बघा." तिला चांगलंच लागलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. चप्पलही काढली नाही. "सख्ख्या भावाला पोलिसांत दिलंस? अगं, तुझ्यासाठी रस्त्यावर उतरला तो!"

"माझ्यासाठी नाही. माझ्यावर चढून."

"तुझं तोंडच असं आहे. म्हणून देवानं तिथंच..." आई थांबली. पण जेवढं बोलली तेवढं पुरेसं होतं.

"आई, वाक्य पुरं कर."

आईनं ते पुरं केलं नाही. ती गेली आणि नंतर बराच काळ आली नाही.

त्या संध्याकाळची धूळ गालाला भोवली. जखम चिघळली, ताप आला, वास यायला लागला. नवऱ्यानं तिला गाडीत घालून केंद्रात नेलं. डॉक्टरणीनं पाहिलं आणि म्हणाली, "मी काय सांगितलं होतं? झाकून ठेवा. तुम्ही गर्दीत भाषण करायला गेलात." तो फोटो तिच्यापर्यंतही पोचला होता. त्याखाली तिच्या नावानं लोकांनी काय काय लिहिलं होतं ते तिनं वाचलं होतं. त्या दिवशी तिचा हात नेहमीपेक्षा जड होता, आणि ब्रेकबाईनं दात आवळून तो सोसला.

औषधानं जखम आवरली. मग कडांकडून नवी कातडी आली, बेटांसारखी, आधी इथं थोडी, तिथं थोडी, मग बेटं एकमेकांना मिळाली. ती इतकी पातळ आणि गुलाबी होती की स्वतःच्याच गालावर बोट ठेवायची तिला भीती वाटायची. नवऱ्यानं ड्रेसिंगची वाटी धुऊन कपाटात ठेवली त्या दिवशी ती म्हणाली, "हात बरा आहे तुमचा." तो म्हणाला, "आता सांगतेस?"

गाठ बसली. नाहीशी झाली असं कुणी म्हटलं नाही, पण स्कॅनच्या फोटोत ती आकसून गप्प पडलेली दिसत होती आणि दरवेळी गप्पच दिसत राहिली. नस वाचली. डोळा मिटतो, ओठ सरळ आहेत. गाल मात्र पूर्वीचा झाला नाही. तेवढा तुकडा फिका, भोवती काळसर कडा, मध्ये लाल बारीक शिरांचं जाळं. हाताला तो कडक लागतो, वहाणेच्या तळासारखा, आणि जांभई पुरती देता येत नाही. ती पुन्हा गाडीत बसायला लागली. नवे शिकणारे चोरून तिच्या गालाकडे बघतात, आणि त्यापायी त्यांना पूर्वीपेक्षा जास्त बोलणी बसतात.

भावाला दंड झाला आणि त्यानं तो भरला. दुकान चालूच आहे, समोरासमोर. दोघं एकमेकांच्या दारावरून अशी जातात जणू तिथं भिंत आहे. दंड होण्याआधी आईनं मध्यस्थी करून पाहिली होती. तक्रार मागं घे, तो माफी मागेल. ती म्हणाली, "आधी मागू दे." तो म्हणाला, "आधी घेऊ दे." ते तिथंच अडलं.

तो फोटो कुणी काढून टाकला नाही. काढून टाकता येतच नव्हता. तो दुसऱ्या शहरांत गेला. कुणी तिला कारखान्यातल्या स्फोटात भाजलेली केलं, कुणी नवऱ्यानं अ‍ॅसिड टाकलेली. तिच्या नवऱ्यानं ते वाचलं आणि त्या दिवशी जेवला नाही.

वर्ष उलटल्यावर एका अनोळखी बाईचा फोन आला. तिच्या आईच्या खांद्यात, कातडीलगतच्या मांसात गाठ होती. त्याच केंद्रात तेच उपचार सांगितले होते, आणि म्हातारीनं तो फोटो पाहून साफ नकार दिला होता. "ती तुम्हीच ना? एकदा आईशी बोलाल का?"

"माझी गाडीची शिकवणी आहे, दवाखाना नाही," ब्रेकबाई म्हणाली आणि फोन ठेवला. मग अर्ध्या तासानं तिनंच परत लावून पत्ता विचारला.

म्हातारी बाजारात बटणं आणि दोरे विकायची. बटणवाली म्हणूनच सगळे तिला ओळखत. अंगानं बारकी आणि तोंडानं ब्रेकबाईच्या तोडीची. तिनं ब्रेकबाईला बसाही म्हटलं नाही. तिचा गाल धरला आणि भाजी दाबून बघावी तसा दाबून पाहिला.

"दगड झालाय."

"झालाय."

"फोटोतला तो हाच?"

"हाच. फोटोत होता तो महिनाभर तसा होता. नंतर असा."

"दुखलं?"

"खूप. झोप नाही, खाणं नाही. उशी चिकटायची. नवऱ्याला शिव्या, डॉक्टरला शिव्या."

लेक मागून डोळ्यांनी खुणावत होती, एवढं सांगू नका. ब्रेकबाईनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मग मी का करू?" बटणवालीनं विचारलं.

"नका करू. मी तुम्हाला विकायला नाही आले. पण नाही म्हणायचं तर गाठीला बघून म्हणा, माझ्या तोंडाला बघून नाही. तो फोटो माझ्या भावानं मी झोपले असताना काढलाय. त्याच्यावर तुमचं मरण ठरवू नका."

म्हातारी भडकली. मरणाची भाषा माझ्या घरात येऊन करायची नाही, म्हणाली. ब्रेकबाईही भडकली. दोघींचा आवाज चढला आणि शेवटी लेकीनंच ब्रेकबाईला दाराबाहेर काढलं. सगळा वेळ फुकट गेला, असं बडबडत ती घरी आली.

दोन महिन्यांनी सकाळी फोन वाजला. शिकवणी चालू होती, शेजारी एक बँकेतला साहेब घामाघूम होऊन स्टीअरिंगला लटकला होता.

"खांदा पाझरतोय!" पलीकडून बटणवाली ओरडली. "पिवळं पाणी! कपडा अंगाला चिकटलाय!"

"ओढून काढू नका. कोमट पाणी लावा, सैल होऊ द्या."

"एवढं होईल हे तू सांगितलं नव्हतंस!"

"सगळं सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा मला हाकलत होतात."

"खोटं बोलतेस!"

"लेकीला विचारा. आणि पट्टी लावू नका, कातडी निघेल."

"कळतं मला!" म्हातारीनं फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा वाजला. तिसऱ्या दिवशी जरा उशिरा वाजला, तर ब्रेकबाईनंच तिला झापलं की इतका वेळ झोपला होतात का. बँकेतल्या साहेबानं धीर करून विचारलं, "मॅडम, कोण हो त्या?"

"तुम्ही गिअर बदला," ती म्हणाली, आणि फोन कानाला लावून पुन्हा भांडायला लागली.